एका कामाला एकच धनी : घरातल्या डिस्क प्लेअरच्या चित्र-आवाजाचा आढावा

"गाने मस्त आयकू येते, पन बोलनंच समजत नाही ना बाप्पा."

वर्ध्याजवळच्या आमच्या बोरगाव मेघेत कोणाकडे डीव्हीडी लावून सिनेमा पाहायला बसलो की ही तक्रार हमखास कानावर पडते. मग कोणीतरी रिमोट उचलून आवाज वाढवतो, तेवढ्यात मारामारी सुरू होते, तावदाने थरथरतात, की पुन्हा आवाज खाली. अडीच तासांच्या सिनेमात हे वीस-पंचवीस वेळा होते. शेवटी घरातली मंडळी ठरवून टाकतात की मशीन तरी बिघडले आहे, नाहीतर डिस्क तरी नकली आहे. बहुतेक वेळा दोन्ही धडधाकट असतात. प्लेअरच्या मेनूत आवाज ५.१ वर ठेवलेला असतो आणि जोडलेले बॉक्स मात्र दोनच असतात. ५.१ च्या मांडणीत संवाद मुख्यतः मधल्या, म्हणजे सेंटर स्पीकरकडे जातात. तो स्पीकरच नसेल तर संवाद प्लेअरच्या पाठीमागच्या रिकाम्या भोकापर्यंत येतात आणि तिथेच संपतात. गाण्याचा बराचसा भाग डाव्या-उजव्या बॉक्सकडे असतो, म्हणून गाणी तेवढी ऐकू येतात. मेनूत 'स्पीकर सेटअप' किंवा 'डाउनमिक्स' असे काही असते, तिथे 'स्टीरिओ' निवडले की मधला आवाज दोन्ही बॉक्सांत वाटला जातो. एवढ्याशा कारणासाठी लोकांनी नवे बॉक्स विकत घेतलेले मी पाहिले आहेत, आणि त्याचे मला मनापासून वाईट वाटते.

गेली काही वर्षे नात्यातल्या आणि शेजारच्या घरांत हे प्लेअर जुळवून देत आलो आहे. त्यातून एक गोष्ट पक्की झाली. घरात यंत्रे तीन असतात: प्लेअर, ॲम्प्लिफायर किंवा साउंडबार, आणि टीव्ही. चित्र मोठे करणे, त्याचा आकार ठरवणे, आवाज उलगडणे, त्याची उंची-खोली आवळणे, ओठ आणि शब्द जुळवणे, यांतली बहुतेक कामे यांपैकी दोघांना तरी करता येतात. नव्या सेटमध्ये दोघेही ती करायला टपलेले असतात, आणि काही कामे मात्र कोणीच करत नाही. चित्र-आवाजाची जवळजवळ सगळी दुखणी या एकाच ठिकाणाहून निघतात. म्हणून सेटिंग करायचे म्हणजे आधी वाटणी करायची: एका कामाला एकच धनी.

आता डिस्क कोण पाहतो, असे विचारणाऱ्यांना मी आमच्या भागातली कपाटे दाखवीन. २००७ च्या सुमारास मोझर बेअर या कंपनीने व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ रुपयांना विकायला काढली, तेव्हा भाड्याने डिस्क आणणारी घरे विकत घेऊ लागली. त्या डिस्क अजून आहेत. सप्तखंजिरी कीर्तनाच्या व्हीसीडी आहेत, जुनी नाटके आहेत, आणि सर्वांत मोलाची म्हणजे लग्नाची डीव्हीडी आहे. त्यातले आजी-आजोबा आता दुसरीकडे कुठे बोलताना-चालताना दिसणार नाहीत. ऑनलाइन सगळे मिळते म्हणतात, पण हे मिळत नाही. दुसरीकडे प्लेअर बनवणारे कमी होत चालले आहेत. ओप्पोने २०१८ मध्ये प्लेअरचा व्यवसाय आटोपता घेतला, सॅमसंगने २०१९ मध्ये अमेरिकी बाजारासाठी नवे ब्लू-रे प्लेअर आणणे थांबवले. घरात जे यंत्र आहे त्याच्याकडूनच नीट काम करून घेणे भाग आहे.

चित्रापासून सुरुवात करू. व्हीसीडीच्या एका चित्रात ३५२ गुणिले २८८ ठिपके असतात. आपल्याकडच्या पाल पद्धतीच्या डीव्हीडीत ७२० गुणिले ५७६, ब्लू-रेमध्ये १९२० गुणिले १०८०, आणि २०१६ साली आलेल्या अल्ट्रा एचडी ब्लू-रेमध्ये ३८४० गुणिले २१६०. फोर-के टीव्हीचा पडदा या शेवटच्या मापाचा असतो. म्हणजे डीव्हीडीच्या एका ठिपक्याचे बरोबर २० ठिपके करून तो भरावा लागतो, आणि व्हीसीडीच्या एका ठिपक्याचे जवळजवळ ८२. हे वाढवण्याचे काम प्लेअरही करू शकतो आणि टीव्हीही. स्वस्त प्लेअरवर '१०८०पी अपस्केलिंग' असे ठळक छापलेले असते आणि दुकानदार तेच चालू करून देतो. मग प्लेअर ५७६ चे १०८० करतो, टीव्ही १०८० चे २१६०, आणि पहिल्याने केलेली चूक दुसरा मोठी करून दाखवतो. माझा अनुभव असा, की साध्या डीव्हीडी प्लेअरपेक्षा अलीकडच्या टीव्हीतली चिप हे काम सरस करते. तेव्हा प्लेअरचे रिझोल्यूशन ५७६पी ठेवून टीव्हीला वाढवू द्यावे. चांगल्या ब्लू-रे प्लेअरच्या बाबतीत उलटही असू शकते. लग्नाच्या डिस्कमधला साडीचा काठ दोन्ही प्रकारे पाहावा, जिथे काठावरची नक्षी कमी थरथरते ते ठेवावे.

आकाराचा घोळ याहून मोठा आहे, आणि तो सगळ्यांना दिसत असूनही कोणी दुरुस्त करत नाही. प्लेअरच्या मेनूत 'टीव्ही शेप' किंवा 'ॲस्पेक्ट' या नावाखाली तीन पर्याय असतात: ४:३ पॅन-स्कॅन, ४:३ लेटरबॉक्स आणि १६:९. पहिले दोन जुन्या डब्याच्या टीव्हीसाठी. टीव्ही बदलला, पण प्लेअर जुनाच राहिला, त्यातले सेटिंगही जुनेच राहिले, असे कितीतरी घरांत झाले आहे. लेटरबॉक्सवर असलेला प्लेअर रुंद पडद्याच्या डीव्हीडीच्या ५७६ ओळींपैकी ४३२ ओळींतच चित्र बसवतो, उरलेल्या काळ्या पट्ट्यांत घालवतो. चौथा हिस्सा बारकावा विनाकारण जातो. सपाट टीव्ही असेल तर इथे १६:९ हेच हवे. हे प्लेअरचे काम झाले.

पुढचे काम टीव्हीचे. १९३६ सालच्या प्रभातच्या 'संत तुकाराम'ची चौकट जुन्या मापाची, जवळपास ४:३ ची. टीव्हीचा रिमोट दाबून ती 'फुल' केली की चित्र एक तृतीयांशाने आडवे ताणले जाते. विष्णुपंत पागनीसांचा तो कृश, तल्लीन चेहरा फुगलेला दिसतो. दामले-फत्तेलालांनी एवढ्या प्रेमाने बांधलेली चौकट आपण पडदा रिकामा राहू नये म्हणून मोडतो. बाजूला काळे पट्टे राहू द्यावेत. चित्राची जागा तेवढीच आहे.

रुंद चित्रांचे याच्या उलट. सेवाग्राम आमच्या शेजारचे, त्यामुळे ॲटनबरोंचा १९८२ चा 'गांधी' आमच्याकडे पुन:पुन्हा पाहिला जातो. तो सिनेमास्कोपच्या मापाचा आहे, म्हणून १६:९ च्या टीव्हीवरही वर-खाली पट्टे येतात. 'झूम' करून ते घालवले तर दोन्ही बाजू मिळून चित्राचा जवळजवळ चौथा हिस्सा कापला जातो. अंत्ययात्रेच्या दृश्यात सुमारे तीन लाख माणसे उभी होती असे सांगितले जाते. ती गर्दी त्या रुंदीतच आहे.

बऱ्याच जुन्या मराठी-हिंदी डीव्हीडींमध्ये पट्टे डिस्कमध्येच भाजलेले असतात. मग १६:९ ठेवूनही चारी बाजूंनी काळी चौकट दिसते. तेवढ्या एका प्रसंगी झूम योग्य. टीव्हीतला 'ओव्हरस्कॅन' मात्र बंद करावा. तो बंद करणाऱ्या पर्यायाला कुठे 'जस्ट स्कॅन', कुठे 'स्क्रीन फिट' म्हणतात. ओव्हरस्कॅन चालू असला की कडेची पट्टी गुपचूप कापली जाते आणि कधी कधी सबटायटलची खालची ओळही जाते.

रंग-उजेडाबद्दल थोडक्यात सांगतो, कारण इथे नियम सोपे आहेत आणि डोळ्यांची सवय मोडणेच अवघड आहे. टीव्ही घरी येतो तो 'विविड' किंवा 'डायनॅमिक' मोडवर. तो मोड शोरूमच्या झगमगाटासाठी आहे. 'सिनेमा', 'मूव्ही' किंवा नव्या टीव्हीत 'फिल्ममेकर' मोड निवडावा. हा शेवटचा मोड २०१९ मध्ये यूएचडी अलायन्सने जाहीर केला. रंगाचे तापमान 'वॉर्म' ठेवावे, कारण ते स्टुडिओच्या ६५०० केल्विनच्या पांढऱ्याच्या जवळ जाते. पहिले दोन-तीन दिवस चित्र पिवळट वाटेल, मग जुने चित्र निळे दिसू लागेल. बऱ्याच टीव्हींत 'ब्राइटनेस' हे बटण नावाप्रमाणे उजेडाचे नसून काळ्याचे आहे, आणि 'कॉन्ट्रास्ट' पांढऱ्याचे. चाचणी डिस्क नसली तरी चालते. रात्रीच्या दृश्यात घोंगडीचे विणकाम जेमतेम दिसेल इथपर्यंत ब्राइटनेस आणावा. उन्हातल्या दृश्यात पांढऱ्या खादीच्या चुण्या पुसल्या जाणार नाहीत इथपर्यंत कॉन्ट्रास्ट. 'शार्पनेस' जवळजवळ शून्यावर. तो वाढवला की माणसांभोवती पांढरी रेघ उमटते आणि लोक तिलाच स्पष्टपणा समजतात.

एचडीएमआयने जोडलेल्या प्लेअरमध्ये आणखी एक छुपा सापळा आहे. सिनेमाच्या चित्रात काळा रंग १६ या अंकावर आणि पांढरा २३५ वर धरलेला असतो, संगणकाच्या चित्रात ० ते २५५. प्लेअर एक भाषा बोलतो आणि टीव्ही दुसरी ऐकतो, तेव्हा अंधारातले सगळे डांबरासारखे होते किंवा चित्रावर राख पसरल्यासारखी दिसते. मग माणूस ब्राइटनेस-कॉन्ट्रास्टशी झगडत बसतो. दोन्ही यंत्रांत हे सेटिंग 'ऑटो' असावे, नाहीतर दोन्हीकडे 'लिमिटेड'. अल्ट्रा एचडी प्लेअर असेल तर टीव्हीच्या मेनूत त्या एचडीएमआय पोर्टपुरते 'एन्हान्स्ड' किंवा 'डीप कलर' चालू करावे लागते. तसे न करता एचडीआर डिस्क लावली, तर पैसे एचडीआरचे आणि चित्र साधे.

सिनेमा सेकंदाला २४ चित्रांनी चालतो. ब्लू-रे प्लेअरमध्ये '२४पी आउटपुट' असतो, तो 'ऑटो' करावा आणि टीव्हीतले हालचाल गुळगुळीत करणारे यंत्र बंद करावे. ते यंत्र मधली चित्रे स्वतः कल्पून भरते आणि सिनेमा मालिकेसारखा दिसू लागतो. पाल डीव्हीडीची गोष्ट वेगळी. तिथे सेकंदाला २५ चित्रे असल्याने सिनेमा चार टक्के वेगाने धावतो, १६० मिनिटांचा सिनेमा सहा मिनिटे आधी संपतो, आणि आवाज तसाच सोडला असेल तर गाणे वर चढते. पांढरी एक आणि काळी एक यांत जेवढे अंतर, त्याच्या जवळपास पाऊण पट. पेटीवर सूर जुळवायला बसलेल्याला वाटते की पेटीच बिघडली. याला प्लेअरच्या मेनूत इलाज नाही, माहीत असलेले बरे. आपल्या कितीतरी डीव्हीडी एनटीएससी पद्धतीच्या असतात. म्हणून प्लेअरमधल्या पाल-एनटीएससी निवडण्याच्या सेटिंगवर 'ऑटो' किंवा 'मल्टी' ठेवावे, नाहीतर चित्र काळे-पांढरे होते किंवा वर सरकत राहते.

आवाजाकडे वळतो. सगळ्यात जास्त चुका इथेच होतात आणि सगळ्यात जास्त सुखही इथेच दडले आहे.

पहिला प्रश्न, आवाज उलगडायचा कोणी? डिस्कवर आवाजाची डॉल्बी किंवा डीटीएस पद्धतीने घडी घातलेली असते. मेनूत 'बिटस्ट्रीम' निवडले की प्लेअर घडी तशीच पुढे पाठवतो, 'पीसीएम' निवडले की स्वतः उलगडून पाठवतो. पुढे डॉल्बी-डीटीएस समजणारा ॲम्प्लिफायर असेल तर बिटस्ट्रीम, नुसता टीव्ही किंवा साधा डेक असेल तर पीसीएम. डीटीएसचा ट्रॅक लावला आणि एकदम शांतता पसरली, तर घडी उलगडणारा कोणीच नाही असे समजावे. ऑप्टिकल वायरीतून डॉल्बी ट्रूएचडी किंवा डीटीएस-एचडी जात नाही, त्यासाठी एचडीएमआयच हवी. प्लेअर टीव्हीला आणि टीव्ही साउंडबारला अशी जोडणी असेल, तर काही टीव्ही पुढे नुसता स्टीरिओ सोडतात. साउंडबारला एचडीएमआय इनपुट असेल तर प्लेअर आधी त्याला जोडावा. ब्लू-रे प्लेअरमधले 'सेकंडरी ऑडिओ' हे बटणही बंद ठेवावे. मेनूच्या टिकटिक आवाजासाठी ते मूळ आवाज खाली उतरवते.

मग स्पीकरांची अंतरे. ध्वनीला एक फूट जायला सुमारे एक मिलिसेकंद लागतो. समोरचे बॉक्स दहा फुटांवर आणि मागचे खाटेला टेकलेले चार फुटांवर असतील, तर मागचा आवाज सहा मिलिसेकंद आधी पोचतो आणि सगळा सिनेमा मानेमागून आल्यासारखा वाटतो. शिवणकामाचा टेप घेऊन बसण्याच्या जागेपासून प्रत्येक बॉक्सचे अंतर मोजावे आणि मेनूत भरावे. मागचे बॉक्स अगदी पाठीमागे न लावता कानांच्या थोडे मागे, दोन्ही बाजूंना लावावेत. नंतर 'टेस्ट टोन' लावून प्रत्येक बॉक्सचा 'फस्स' आवाज सारखा ऐकू येईल असे करावे, मोबाईलवरचे डेसिबल मोजणारे ॲप तेवढ्यापुरते चालते. छोटे बॉक्स असतील तर 'स्मॉल' निवडावे, म्हणजे खर्जाचा भार वूफरकडे जाईल आणि बॉक्स फाटणार नाहीत. अर्ध्या तासाचे काम आहे, पण मी पाहिलेल्या घरांपैकी फार थोड्यांत ते झालेले होते. खोक्यावर छापलेल्या हजारो वॉट पीएमपीओच्या आकड्याने मात्र प्रत्येकाला भुरळ पडलेली होती. त्या आकड्याला कोणतेही ठरलेले माप नाही. पाहायचाच तर आरएमएसचा आकडा पाहावा.

जुन्या सिनेमांना आणि कीर्तनांना 'हॉल', 'स्टेडियम', 'चर्च' असले परिणाम लावू नयेत. 'संत तुकाराम' एकाच ध्वनिपट्टीचा आहे, त्याचा आवाज समोरून, मधून यावा हेच खरे. खंजिरीचा ठेका अशा परिणामाने चिखलात रुतल्यासारखा होतो. काही व्हीसीडींत डाव्या बाजूला एक आवाज आणि उजव्या बाजूला दुसरा भरलेला असतो. दोन भाषा एकदम ऐकू आल्या तर रिमोटवरचे 'एल/आर' बटण दाबावे.

पण प्लेअरची पुस्तिका ज्या खोलीसाठी लिहिली आहे ती खोली आमच्याकडची नव्हे. सिमेंटच्या भिंती, वर स्लॅब, खाली टाइल्स, दहा बाय बाराची जागा. टाळी वाजवून पाहा, ती मागे रेंगाळते. तेच प्रत्येक शब्दाचे होते. सतरंजी अंथरली, मागच्या भिंतीला गाद्यांची चळत लावली आणि दारावर जाड पडदा टाकला, तर संवाद जेवढे उजळतात तेवढे कोणत्याही बटणाने उजळत नाहीत. वूफर कोपऱ्यातून दोन-अडीच फूट बाहेर ओढला की घुमणे कमी होते.

आणि मग कूलर. मार्चच्या अखेरीपासून खिडकीत बसलेला कूलर पावसाळा लागेपर्यंत बंद होत नाही, आणि नवतप्याच्या कडक उन्हात तो बंद करा असे सांगायची कोणाची छाती नाही. त्याची घरघर हळू बोललेले सगळे संवाद गिळते. थिएटरमध्ये सिनेमाचा प्रत्येक मुख्य स्पीकर १०५ डेसिबलपर्यंत जाऊ शकेल असे धरून आवाज मिसळलेला असतो. कुजबुज आणि स्फोट यांतले ते अंतर कूलरच्या घरात मावत नाही. खालची बाजू कूलर खातो, वरची बाजू शेजारी सहन करत नाहीत. यासाठीच प्लेअरमध्ये 'डीआरसी', 'डायनॅमिक रेंज' किंवा 'नाइट मोड' असतो. तो हळू आवाज वर आणि मोठा खाली आणतो. जाणकार मंडळी त्याला नाके मुरडतात, ते मला पटत नाही. उन्हाळ्यात तो चालू असावा, सेंटर स्पीकर दोन-तीन डेसिबल वर आणि वूफर थोडा खाली असावा. कूलर बंद झाला की सगळे मूळपदावर आणावे. एक गोष्ट लक्षात ठेवायची: प्लेअर बिटस्ट्रीम पाठवत असेल तर त्याच्या स्वतःच्या डीआरसीचा काही उपयोग नाही, तेव्हा ॲम्प्लिफायरचा नाइट मोड लावावा लागतो. पुन्हा तेच, काम कोणाकडे आहे ते आधी पाहायचे.

ओठ आधी हलतात की शब्द आधी येतो, याचाही निकाल तसाच लागतो. दूर नदीवर कपडे आपटणाऱ्याचा हात आधी दिसतो आणि आवाज मागून येतो, त्यामुळे मागून येणारा आवाज आपल्याला खपतो. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या मापाप्रमाणे आवाज १२५ मिलिसेकंद उशिरा आला तेव्हा कुठे जाणवतो, पण ४५ मिलिसेकंद आधी आला की लगेच खटकतो. टीव्ही चित्रावर संस्कार करण्यात वेळ घालवतो, म्हणून वेगळ्या बॉक्सांतून आवाज बहुधा आधीच येतो. आधी टीव्हीचा 'गेम' मोड लावून त्याचा वेळ कमी करावा, मग उरलेल्या फरकासाठी 'ऑडिओ डिले' एकाच यंत्रात भरावा.

चित्राची एक गोष्ट राहिली. जुन्या हिरव्या-निळ्या-लाल पिनांच्या प्लेअरमध्ये चुकून 'प्रोग्रेसिव्ह' दाबले गेले आणि टीव्हीला ते समजले नाही तर पडदा काळा होतो. घाबरू नये, यंत्र जळलेले नसते. पिवळी पिन जोडून मेनू पाहावा आणि 'इंटरलेस' करावे.

दुकानदारांना माझी विनंती आहे. होम थिएटर बसवायला गेलात की अंतरे मोजा, टेस्ट टोन लावा आणि निवडलेली सेटिंगे मराठीत कागदावर लिहून घरच्यांना द्या. आणि वाचकहो, तुमच्याकडे तसा कागद नसेल तर तुम्हीच करा: टीव्हीचा मोड, प्लेअरचा शेप, बिटस्ट्रीम की पीसीएम, प्रत्येक बॉक्सचे अंतर, उन्हाळ्याचा आणि हिवाळ्याचा आकडा. विजेच्या झटक्याने प्लेअर सगळे विसरतो, किंवा मुले खेळताना मेनू बदलतात. कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेला तो कागद असेल, तर पुढच्या खेपेला लग्नाची डीव्हीडी लावताना आजोबांचा आवाज पहिल्या वाक्यापासून नीट ऐकू येईल.